हक्कसोड लिहिण्याआधी

हक्कसोड पत्रात एक परिच्छेद ठरलेला असतो. "माझे लग्न वडिलांनी ऐपतीप्रमाणे थाटामाटात करून दिलेले असून मी माझे सासरी सुखासमाधानाने नांदत आहे. सबब सदर मिळकतीत मला हिस्सा घेण्याची इच्छा नाही. सदरचे हक्कसोड पत्र मी राजीखुषीने, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता लिहून देत आहे." नाशिकला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात मी दस्त लिहिण्याचं काम करते. आधी टाइपरायटरवर करायचे, आता कॉम्प्युटरवर. हा परिच्छेद मला तोंडपाठ आहे. समोर बसलेली बाई नवऱ्याने टाकलेली असली तरी दस्तात ती 'सुखासमाधानाने नांदत' असते, कारण मजकूर मागच्या दस्तावरून जसाच्या तसा उचललेला असतो. अशा वेळी तेवढं वाक्य मी काढून टाकते. बाकीचं तसंच ठेवावं लागतं.

मध्यंतरी चांदोरीकडच्या एक बाई आल्या होत्या. सोबत दोन भाऊ, एक चुलते आणि ओळख द्यायला गावातले दोघं. वडील जाऊन दीड महिना झाला होता. भावांनी आधार कार्डांच्या झेरॉक्स, सातबारा, फोटो, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलेलं. दस्त छापून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे वाचून दाखवला. बाई मान हलवत होत्या. वाचून संपल्यावर त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "किती आहे हो माझं?"

कोणीच बोललं नाही. मग मोठा भाऊ म्हणाला, "किती का असेना ताई, सगळं आपलंच आहे ना."

मी सातबारा पुढे ओढला. क्षेत्र दोन हेक्टर. वारस चार: आई, दोन भाऊ आणि ह्या. चौथा हिस्सा म्हणजे 50 आर, म्हणजे सव्वा एकर. गोदाकाठची, पाण्याखालची, द्राक्षाची जमीन. मी आकडा सांगितला. "सव्वा एकर?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा, थोड्या मोठ्याने, "सव्वा एकर?" ह्या बाई सासरी दुसऱ्याच्या बागेत डिपिंगला, थिनिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, मणी विरळ करायला मजुरीने जातात. रोजाने. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं, कारण माहेरच्या जमिनीचं क्षेत्र विचारणं म्हणजे नजर ठेवणं असं आपल्याकडे मानतात.

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. "दादा, वर्षश्राद्ध होऊ दे," एवढंच म्हणाल्या. भाऊ पिशवी उचलून चालते झाले. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. कदाचित दुसऱ्या कोणाकडे जाऊन दस्त करूनही टाकला असेल. पण तो प्रश्न डोक्यात राहिला आहे, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

बहिणीच्या हिश्श्याची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, कायदा शहरातल्या लोकांनी केला, गावाला तो लागू होत नाही. हे मला मुळीच मान्य नाही. ह्या कायद्याचा नाशिकशी जवळचा संबंध आहे. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, त्यात बायाही बसल्या होत्या. ज्या माणसाच्या नेतृत्वाखाली त्या बसल्या, तेच डॉ. आंबेडकर पुढे कायदामंत्री झाले. हिंदूंच्या लग्न-वारशाचे नियम एका कायद्यात आणणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या आधीच्या, राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेबांनी तो मुलाइतका केला. बिल रखडलं आणि 1951 च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1956 ला वारसा कायदा आला तेव्हा मुलगी वारस झाली खरी, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलांचाच राहिला.

आमच्या घरात तर कायद्याने बहिणी-बहिणींत रेघ मारली. महाराष्ट्राने 1994 मध्ये दुरुस्ती केली आणि मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केलं, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. माझं लग्न 1993 चं, धाकटीचं 1996 चं. एकाच आईबापाच्या पोटच्या दोघी, पण ती सहहिस्सेदार आणि मी नाही. 9 सप्टेंबर 2005 ची केंद्राची दुरुस्ती आली तेव्हा ती रेघ पुसली गेली. त्यानंतरही कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला की त्या तारखेला बाप जिवंत हवा की नको. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नको; हक्क जन्माने आहे, बापाच्या मरणाच्या तारखेवर तो ठरत नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या त्यातून उघडता येत नाहीत.

कागदावर एवढं सगळं स्पष्ट आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या हक्कसोड पत्रांची रांग कमी होत नाही.

ह्याचं कारण मला रामकुंडावर सापडतं. आमचे वडील 2011 साली गेले. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, पण दहावा रामकुंडावर केला. भावाचं मुंडण झालेलं, ओल्या धोतरात तो पिंडासमोर उकिडवा बसलेला. आम्ही बहिणी, आई, काकू वरच्या पायरीवर. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर दोन-तीन बसलेले, पण खाली उतरेनात. गुरुजी थांबलेले, मागे दुसऱ्या घरची माणसं खोळंबलेली. मग काका पुढे झाले आणि भावाला म्हणाले, "त्यांचा जीव पोरींत अडकलाय. बोल, बहिणींना अंतर देणार नाही. त्यांचं माहेरपण करीन." भाऊ रडत रडत म्हणाला. चुलत भाऊ म्हणाला, "आईला सांभाळीन म्हण." तेही म्हणाला. आणि कावळा आला. आम्ही सगळे हमसून हमसून रडलो. त्या क्षणी भावाने शब्द दिला तो मनापासून दिला होता, ह्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर तेच काका आम्हा दोघींजवळ येऊन बसले. म्हणाले, "आता सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचंय, तुमच्या सह्या लागतील. एकदाच कागद करून टाकू." साड्या आणलेल्या होत्या, कागदाच्या आधीच.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. पिंडासमोर भावाने माहेरपणाचा शब्द दिला आणि तो धर्माचा मानला गेला. हिस्सा देईन असं त्याला कोणी बोलायला लावलं नाही. सगळी रीत अशी लावलेली आहे की बहिणीला जे मिळेल ते भावाच्या मायेतून मिळालं पाहिजे. भाऊबीजेची ओवाळणी, आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं बोलावणं, बाळंतपण, मुलीच्या लग्नात मामाचा आहेर. ह्यात प्रेम नसतं असं मी म्हणणार नाही. माझ्या भावाची माया मी पाहिलेली आहे. पण माया त्याने द्यायची असते, म्हणून ती थांबवणंही त्याच्याच हातात असतं. हिस्सा त्याने द्यायचा नसतो, तो असतोच. बहीण 'नाही' म्हणाली तर तिने जमीन मागितली असं कोणी बोलत नाही. तिने माहेर तोडलं, असं बोलतात.

आणि धर्माचा आधार म्हणून जे सांगितलं जातं ते तरी खरं आहे का? जो पाणी देतो तो वारस, जो पिंड देतो तो धनी, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतली तेव्हा पहिल्यांदा कळलं की पिंडावरून वारस ठरवणं ही बंगालची, दायभागाची रीत. आपल्या भागात चालायची ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा, याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका. तिच्यात सपिंड म्हणजे एका शरीराचे अंश असलेले. नातं रक्ताच्या जवळिकीने मोजलेलं. रक्त तर मुलीतही तेवढंच. याज्ञवल्क्य स्मृतीत, मुलगा नसलेल्याच्या वारसांची यादी 'पत्नी दुहितरश्चैव' अशी सुरू होते. आधी बायको, मग मुली, आणि त्यांच्यानंतर आईबाप, भाऊ. मुंबई इलाख्यात बापाचा वारसा मिळालेल्या मुलीला तो पूर्ण मालकीने मिळायचा, बाकी बऱ्याच प्रांतांत फक्त हयातीपुरता. जुनं शास्त्र बाईला समान मानत होतं असा दावा मी करणार नाही, मुलगा असताना मुलीला मागेच ठेवलेलं होतं. पण जेवढं तिला दिलेलं होतं तेवढंही रिवाजाने तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही, आणि वर नाव शास्त्राचं सांगितलं.

जुन्या नाशकातल्या, मालेगावच्या मुसलमान बायकाही माझ्याकडे येतात. त्यांच्या धर्मात मुलीचा हिस्सा स्वच्छ लिहिलेला आहे, मुलाच्या निम्मा. 1937 चा शरियत कायदा आला, पण त्यात शेतजमीन बाहेर ठेवली. घराचा, दुकानाचा प्रश्न आला तरी टेबलावर तोच दस्त, तीच राजीखुषी, आणि "भाईजान हैं ना" म्हणणारी तीच बहीण. एका धर्मात मुलीला मागे ठेवलं होतं, दुसऱ्यात हिस्सा सांगितला होता, आणि दोघी माझ्यासमोर एकाच खुर्चीत बसून एकाच मजकुराखाली अंगठा देतात. म्हणून धर्म बदलला, सुधारला की सगळं सुटेल असं मला वाटत नाही. पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी बायकांचं तर आणखी वेगळं. 1956 चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागूच नाही. तिथे रूढी चालते. 2025 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सांगितलं की मुलीला हिस्सा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल तर तिला तो नाकारता येणार नाही. सुरगाण्याच्या पाड्यावर हा निकाल कोण नेऊन पोचवणार, हा प्रश्न मी भेटेल त्या वकिलाला विचारते.

तेराव्याच्या त्या दुपारी धाकटीने हो म्हटलं. ती नाशकातच असते, दोघांच्या नोकऱ्या आहेत, तिने समजून उमजून दिलं आणि तिला त्याचं आजही काही वाटत नाही. तिचा निर्णय तिचा. मी नाही म्हटलं. काका म्हणाले, "तुला काय कमी आहे?" कमी काही नव्हतं. बापाच्या कागदावर माझं नाव असावं एवढं मला वाटत होतं आणि ते वाटणं पुरेसं कारण आहे असं मी धरून चालले. भाऊ काही बोलला नाही. त्या दिवाळीला तो भाऊबीजेला आला नाही. पुढेही काही वर्षं नाही आला. आई फोनवर एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने बोलायची.

ह्या काळात जमीन तोच कसत होता. सोसायटीच्या कर्जाला माझी सही लागली की मी गावी जाऊन करून यायचे. गारपिटीत बाग झोपली त्या वर्षी पंचनाम्याच्या कागदांवरही केली. पिकातला रुपया मी कधी मागितला नाही, तो त्याचा घाम आहे. जमीन मात्र बापाची आहे. आईचं शेवटचं आजारपण त्याने आणि वहिनीने काढलं, रात्र-रात्र जागून. ते मी विसरणार नाही आणि ते हिश्श्यातून वजाही करणार नाही. ते दोन वेगळे हिशेब आहेत. आता तो येतो. नातं पूर्वीसारखं आहे असं म्हणणार नाही, पण तो येतो, जेवतो, आणि सातबाऱ्यावर आमची दोघांची नावं आहेत.

भावांची बाजू मी रोज ऐकते आणि ती सगळीच खोटी नसते. सातबाऱ्यावर बोजा असतो, तो भाऊ फेडतो. चार नावं असली की कर्जाला, विहिरीच्या अनुदानाला, प्रत्येक कामाला चार सह्या, त्यातली एक बहीण पुण्याला, एक सुरतेला. आईबापाचं दुखणंखुपणं त्याच्या घरी. बहिणीच्या लग्नाचं कर्ज त्याने फेडलेलं असतं. ह्यावर मी एवढंच म्हणते की मग हे सगळं बसून मोजा. कर्ज मांडा, दवाखाना मांडा, लग्नाचा खर्चही मांडा आणि त्यासोबत जमिनीचा भावही मांडा. समृद्धी महामार्गासाठी सिन्नर, इगतपुरी तालुक्यांत जमिनी गेल्या तेव्हा ज्या घरांत बहिणींची नावं लागलेली होती तिथे त्यांच्या सह्यांशिवाय पैसा हलेना. तेव्हा भाव सगळ्यांना तोंडपाठ होता. हक्कसोड पत्राच्या वेळीच तेवढा तो कोणाला आठवत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्या वेळी मी शाळेत होते; आमच्या गावातून बाया भाकरी बांधून ट्रकमधून गेल्या होत्या, माझी काकूही गेली होती. त्यातूनच पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला: नवऱ्याने आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. कोर्ट नाही, भांडण नाही. बऱ्याच गावांत शेतकऱ्यांनी ते केलंही. काकूच्या नावावर काकांनी अर्धा एकर केली, आणि ती शेवटपर्यंत त्या तुकड्याला 'माझं' म्हणायची. त्याच काकांनी तेराव्याला आमच्यापुढे साड्या ठेवल्या. बायकोला देताना हात मोकळा झाला, पुतण्यांच्या वाट्यातून पुतणीला द्यायची वेळ आली तेव्हा नाही झाला. घरातली जमीन घरात राहते आहे ना, एवढंच त्यांनी दोन्ही वेळा पाहिलं असावं.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बहिणीला दस्त छापण्याआधी मी काही गोष्टी सांगते, भाऊ समोर असला तरी. एक, सातबारा स्वतः बघा. सरकारच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो, गट नंबर ठाऊक असला की झालं. दोन, नाव लावणं आणि वाटप करून घेणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. नाव ठेवलं म्हणून उद्या बांध घालावा लागत नाही, कसणारा कसत राहतो. तीन, नोंदवलेलं हक्कसोड पत्र तुम्हाला एकटीने मागे घेता येत नाही. फसवणूक झाली, दबाव होता असं म्हणायचं तर दिवाणी कोर्टात जाऊन ते सिद्ध करावं लागतं, आणि त्यालाही तीन वर्षांची मुदत असते. चार, वारस नोंदीला घाई नाही म्हणू नका, पण हक्कसोडीला खरोखर कसलीच घाई नाही. वर्षश्राद्ध होऊ द्या, मन जागेवर येऊ द्या. एवढं ऐकूनही ज्या बायका द्यायचं म्हणतात त्यांचा दस्त मी लिहून देते. त्या वेळी तो परिच्छेद खरा असतो.

जुने कागद आणखी वेगळे. सत्तरच्या दशकातले फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी, काढून बघा: 'बहिणींनी हक्क सोडल्याबाबत जबाब दिला, सबब नावे कमी केली.' नोंदवलेला दस्त नाही, काही नाही, तलाठ्यासमोर नुसता जबाब, आणि तोही बहुतेक वेळा भावानेच दिलेला. नाव ठेवलंच तर कब्जेदाराच्या रकान्यात नाही, 'इतर अधिकारा'त, जिथे विहिरीचा वाटा आणि सोसायटीचा बोजा लिहितात.

गेल्या आठवड्यात सिन्नरकडचा एक तरुण असाच उतारा घेऊन आला. आजोबा 1974 ला गेलेले, आत्याचं नाव तेव्हापासून इतर अधिकारात. बाप गेल्यावर हा कागद चाळत बसला आणि त्याला ते दिसलं. आत्याने काही मागितलेलं नव्हतं. त्याने मला विचारलं, "हे वर घेता येईल का, आमच्या नावांसोबत?" त्याची आई दाराशी उभी होती, तिने एकदाही अडवलं नाही. दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला, 1974 चा फेरफार आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. आत्याचं वय सत्तरीच्या पुढे आहे, म्हणून सुनावणी लवकर ठेवावी अशी विनंती शेवटच्या परिच्छेदात घातली आहे.